पासवर्ड सांभाळायला तीन फंक्शनं: 'आर्गॉन२-सीएफएफआय' तीन वर्षं वापरल्यावर

एका चालू प्रणालीच्या डेटाबेसमधला पासवर्डचा कॉलम मी पहिल्यांदा ओळीनं वाचत गेले, तेव्हा एकच मजकूर पुन्हा पुन्हा दिसायला लागला. सुरुवात 'ई१०एडीसी३९४९' अशी. माणसं वेगळी, ईमेल वेगळे, हॅश, म्हणजे पासवर्डपासून काढलेला आणि उलटा फिरवता न येणारा मजकूर, मात्र अक्षरन् अक्षर तोच. हे काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ती अक्षरं पाठ असतात: एमडी५ या जुन्या पद्धतीनं काढलेला '१२३४५६' या पासवर्डचा हॅश असाच सुरू होतो. काही फोडावं लागलं नाही, कुठलं हत्यार चालवावं लागलं नाही. नुसत्या नजरेनं मला त्या सगळ्यांचे पासवर्ड कळले. पोटात गोळा आला. यातल्या कितीतरी जणांनी तोच पासवर्ड आपल्या मेललाही ठेवलेला असणार, आणि इथे तो टाइप करताना त्यांनी आमच्यावर विश्वास टाकला होता.

ती प्रणाली आमच्याकडे सांभाळायला आली होती, आधी कुणाची होती ते सोडून देते. पण तेव्हापासून पासवर्डच्या कामासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची 'आर्गॉन२-सीएफएफआय' ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतेय. हिनेक श्लावाक यांनी २०१५ साली ती सुरू केली. तीन वर्षांत तिनं मला काय दिलं आणि कुठे अडवलं, ते लिहायचं कधीपासून मनात होतं. पायथन येत नसलं तरी वाचा. यातलं बरंचसं दुसऱ्या कुठल्याही भाषेतल्या लायब्ररीलाही लागू आहे.

आधी थोडं मागचं. पासवर्डच्या हॅशमध्ये सॉल्ट, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा रँडम मजकूर, घालायची कल्पना जुनी आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्सच्या अनुभवावर लिहिलं, तेव्हा त्यांचा सॉल्ट १२ बिटांचा होता, म्हणजे ४०९६ शक्यता. सॉल्ट गुप्त नसतो, हे मी शिकाऊ मुलांना दर वेळी सांगते. तो हॅशच्या शेजारीच उघडा ठेवलेला असतो. त्याचं काम एवढंच की दोघांचा पासवर्ड एक असला तरी हॅश वेगळे निघावेत, आणि चोरानं आधीच तयार करून ठेवलेले पासवर्ड आणि हॅशच्या जोड्यांचे तक्ते निरुपयोगी व्हावेत. माझ्यासमोरच्या त्या कॉलममध्ये सॉल्ट असता, तर 'ई१०एडीसी' एकदाही दिसलं नसतं. २०१२ साली लिंक्डइनमधून सुमारे ६५ लाख हॅश बाहेर पडले, तेही एसएचए-१ या पद्धतीचे, सॉल्टशिवायचे होते.

पण सॉल्टनं भागत नाही. एमडी५ इतका वेगवान आहे की एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. सॉल्ट असला तरी चोर एकेक माणूस घेऊन बसू शकतो. म्हणून हॅश मुद्दाम सावकाश करायचा. १९९९ साली नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी 'बीक्रिप्ट' आणलं ते यासाठी. पुढे २००९ साली कॉलिन पर्सिव्हल यांच्या 'एसक्रिप्ट'नं वेळेसोबत मेमरीही महाग केली. आर्गॉन२ त्याच वाटेनं पुढे गेलं. लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या बिर्युकोव्ह, दिनू आणि खोव्रातोविच यांची ही रचना २०१५ साली पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत पहिली आली, आणि २०२१ साली तिचा आरएफसी ९१०६ हा तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. एका हॅशला ६४ मेबीबाइट मेमरी लागत असेल, तर २४ गिबीबाइटच्या कार्डवर एका वेळी फार तर ३८४ अंदाज मावतात. कुठे अब्जावधी आणि कुठे ३८४!

आता लायब्ररीकडे येते. रोजच्या कामाला तिच्यातल्या तीनच गोष्टी लागतात. 'पासवर्डहॅशर' नावाचा ऑब्जेक्ट करायचा. त्याच्यावर 'हॅश', 'व्हेरिफाय' आणि 'चेक_नीड्स_रीहॅश'. सॉल्ट तुम्ही द्यायचा नाही, ती स्वतः ऑपरेटिंग सिस्टिमकडून १६ रँडम बाइट घेते. नंतरच्या आवृत्त्यांत सॉल्ट हातानं द्यायची सोय आली आहे, पण तिला हात लावू नका. मी एका ठिकाणी वापरकर्त्याचं नाव सॉल्ट म्हणून दिलेलं पाहिलं आहे. तेच नाव आणि तोच पासवर्ड दुसऱ्या साइटवर असला की तिथेही तोच हॅश निघणार, शिवाय नाव आधीच ठाऊक असल्यानं तक्ते अगोदर करून ठेवता येतात.

'हॅश'मधून बाहेर येते ती एक ओळ. माझ्या टेबलमधली एक अशी दिसते: '$आर्गॉन२आयडी$व्ही=१९$एम=६५५३६,टी=३,पी=४$', मग सॉल्टची २२ अक्षरं, पुन्हा एक डॉलरचं चिन्ह, मग हॅशची ४३ अक्षरं. मोजून ९७. या ओळीत सगळं आहे. कोणता प्रकार वापरला, कोणती आवृत्ती (१९ हा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, १३ होतो, म्हणून १.३), किती किबीबाइट मेमरी, किती फेऱ्या, किती समांतर धागे, सॉल्ट आणि उत्तर. पडताळणीच्या वेळी लायब्ररी ही ओळ वाचते, त्यातलाच सॉल्ट आणि तेच आकडे घेऊन समोर आलेल्या पासवर्डचा नव्यानं हॅश काढते आणि दोन्हींची तुलना करते. ती तुलनाही अशी की जुळायला किती वेळ लागला यावरून बाहेरच्याला काही कळू नये. वेगळा सॉल्टचा कॉलम नको, वेगळी सेटिंगची फाइल नको. पूर्वी मी स्वतः सॉल्टसाठी वेगळा कॉलम ठेवायचे आणि एकदा डेटा इकडून तिकडे हलवताना तो मागेच राहिला होता. ती रात्र आठवली की या एका ओळीची किंमत कळते.

एक मात्र बघा: कॉलमची लांबी. एमडी५साठी कुणीतरी ३२ अक्षरांचा कॉलम केलेला असतो, बीक्रिप्टसाठी ६०चा. काही डेटाबेस ढिल्या सेटिंगवर असले की जास्तीची अक्षरं न सांगता कापतात. मी सरळ २५५ ठेवते.

'व्हेरिफाय'ची रीत मला सगळ्यात जास्त पटली. पासवर्ड बरोबर असेल तर 'ट्रू' परत येतं. चुकीचा असेल तर 'फॉल्स' येत नाही, एक्सेप्शन, म्हणजे कोड तिथेच थांबवणारी एरर, उठतं. सुरुवातीला हे मला विचित्र वाटलं होतं. मग एका जुन्या कोडमध्ये मी पाहिलं की कुणीतरी तपासणीचं फंक्शन बोलावलं होतं आणि त्याचं उत्तर वाचायलाच विसरलं होतं. त्यामुळे कुठलाही पासवर्ड चालत होता. एक्सेप्शन असतं तर अशी चूक पहिल्याच चाचणीत वर आली असती. दुर्लक्ष केलं तरी दार बंदच राहतं, अशी ही रचना आहे.

पण याच ठिकाणी मी पडले. बीक्रिप्टच्या लायब्ररीत तपासताना आधी पासवर्ड द्यायचा आणि मग साठवलेला हॅश. इथे उलट आहे, आधी हॅश, मग पासवर्ड. माझ्या बोटांना जुनी सवय. मी पासवर्ड आधी दिला. लायब्ररीनं नीट सांगितलं होतं की हा हॅश वैध नाही, त्यासाठी तिच्याकडे वेगळं एक्सेप्शन आहे. पण मी लिहिलं होतं की कुठलंही एक्सेप्शन आलं तरी 'पासवर्ड चुकीचा' म्हणायचं. चुकीचा पासवर्ड नाकारला जातो का, ही चाचणी हिरवी. बरोबर पासवर्ड स्वीकारला जातो का, ही चाचणी मी लिहिलीच नव्हती. प्रॉडक्शनला जायच्या आदल्या दिवशी सहकाऱ्यानं सहज लॉगिन करून पाहिलं म्हणून कळलं. तेव्हापासून मी फक्त न जुळल्याचं एक्सेप्शन पकडते. बाकी सगळी वर जाऊ देते, लॉगमध्ये पडू देते. हॅश वैध नसणं म्हणजे डेटा बिघडलाय, त्यात वापरकर्त्याचा दोष नाही. त्याला 'पासवर्ड चुकीचा' असं सांगणं म्हणजे खोटं बोलणं आहे.

दुसरा फटका मेमरीचा, आणि तो जोरात बसला. आमचं लॉगिन ५१२ मेबीबाइट मेमरीच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका बंदिस्त कप्प्यात, चालायचं. लायब्ररीचे मूळचे आकडे २१.२ आवृत्तीपासून आरएफसी ९१०६मधल्या कमी मेमरीच्या शिफारशीचे आहेत: ६४ मेबीबाइट, तीन फेऱ्या, चार धागे. माझ्या मशीनवर छान चाललं. सोमवारी सकाळी सगळे एकदम कामाला बसले आणि कंटेनर पडला, उठला, पुन्हा पडला. लॉगमध्ये एररची एक ओळ नाही, नुसता शेवटचा कोड १३७. पाऊण तास मी डेटाबेसच्या मागे लागले होते. मग कागदावर गुणाकार केला. आठ जण एकाच क्षणी लॉगिन करतात, आठ गुणिले ६४ म्हणजे ५१२. खुद्द पायथनला काही उरलंच नव्हतं; कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, प्रोसेस मारून टाकली होती, १३७चा अर्थ तोच. चोराला जी मेमरी महाग पडावी असं वाटतं, ती आपल्यालाही लागते. एवढी साधी गोष्ट मला पडल्यावर उमगली.

उपाय दोन होते. आकडे खाली आणायचे. ओवास्प या वेबसुरक्षेच्या संस्थेच्या शिफारशीत १९ मेबीबाइट, दोन फेऱ्या आणि एक धागा असा संच आहे आणि तो वाईट नाही. किंवा एका वेळी किती हॅश चालतील यावर मर्यादा घालायची. मी दुसरा निवडला. एक सेमाफोर, म्हणजे ठरावीक जणांनाच आत सोडणारा कोडमधला दारवान: एका वेळी तीनच हॅश, म्हणजे १९२ मेबीबाइट. चौथा माणूस क्षणभर रांगेत थांबतो. कुणाची तक्रार आली नाही. हॅश सी भाषेतल्या कोडमध्ये चालतो आणि त्या वेळात एका वेळी एकाच धाग्याला चालू देणारं पायथनचं मोठं कुलूप सोडलेलं असतं, त्यामुळे बाकीच्या विनंत्या अडत नाहीत.

वेळ मोजायची सोय लायब्ररीतच आहे. टर्मिनलवर 'पायथन -एम आर्गॉन२' चालवलं की शंभर वेळा पडताळणी करून एकीला किती मिलिसेकंद लागली ते सांगते. माझ्या मशीनवर ४८ आली. कंटेनरला अर्धाच कोअर दिलेला, तिथे अडीचशेच्या पुढे. म्हणून ही आज्ञा जिथे प्रणाली खरोखर चालणार आहे तिथेच चालवा.

आता जुन्या हॅशचं काय केलं ते. बहुतेक जण म्हणतात, लोक लॉगिन करतील तसे बदलत जातील. पण जे कधीच परत येत नाहीत त्यांचे एमडी५ तसेच पडून राहतात, आणि टेबल चोरीला गेलं तर सगळ्यात आधी तेच उघडे पडतात. म्हणून आम्ही पासवर्ड माहीत नसतानाही सगळे जुने हॅश एका रात्रीत गुंडाळले. जुना एमडी५चा मजकूर हाच पासवर्ड समजून त्याचा आर्गॉन२ हॅश काढला आणि शेजारी खूण ठेवली की ही ओळ गुंडाळलेली आहे. चाळीस हजार खाती, प्रत्येकी साधारण ५० मिलिसेकंद, म्हणजे ३३ मिनिटांच्या आसपास. लॉगिनच्या वेळी खूण दिसली की आलेल्या पासवर्डचा आधी एमडी५ काढायचा, मग 'व्हेरिफाय'. इथे एमडी५ लहान अक्षरांत लिहिला की मोठ्या, हे आधी पक्कं करा. आमच्या टेबलमध्ये दोन्ही निघाले. जुळलं की हातात खरा पासवर्ड असतोच, लगेच शुद्ध आर्गॉन२ हॅश काढून ओळ बदलायची आणि खूण पुसायची. शेवटी बॅकअप. जुन्या बॅकअपमध्ये एमडी५ राहिले असते तर रात्रभराच्या कामाला अर्थ नव्हता. ते शोधून पुसायला आठवडा गेला, आणि या सगळ्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा पण सगळ्यात गरजेचा आठवडा तोच होता.

याच जागी 'चेक_नीड्स_रीहॅश' उपयोगी पडतं. साठवलेली ओळ त्याला दिली की तिच्यातले आकडे आजच्या सेटिंगशी जुळतात का ते सांगतं. जुळत नसतील तर तिथल्या तिथे नवा हॅश. खरा पासवर्ड आपल्या हातात फक्त त्या एका क्षणी असतो, म्हणून हे काम लॉगिन यशस्वी झाल्यावरच करायचं. दरवर्षी मशीनं वेगवान होतात, आकडे वाढवावे लागतात; या फंक्शनमुळे ते माझ्याकडे एका ओळीचं काम उरलं आहे.

जँगो ही वेबसाइट बनवायची पायथनची चौकट वापरत असाल तर हे सगळं हातानं करू नका. जँगो मुळात पीबीकेडीएफ२ ही हॅशची दुसरी पद्धत वापरतं, पण ही लायब्ररी टाकून सेटिंगमधल्या यादीत आर्गॉन२चा हॅशर पहिला ठेवला की नवे हॅश त्यानंच होतात आणि जुनेही लॉगिनगणिक बदलत जातात. तिथले आकडे मात्र वेगळे आहेत, एका हॅशला १०० मेबीबाइट. सोमवार सकाळचा गुणाकार आधी करा.

बीक्रिप्ट सोडून इकडे का आले, त्याचं एक कारण आपल्या लिपीत आहे. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं. इंग्रजीत ७२ अक्षरं कोण टाइप करतं? पण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या रीतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा आणि हलन्तसुद्धा. चाचणीसाठी मी एक वाक्य घेतलं होतं: 'पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवू नकोस'. मोजलं तर 'ठेवू'च्या शेवटी बरोबर ७२ बाइट संपतात. म्हणजे 'नकोस' कुणी बघतच नाही! वाक्य 'उघडी ठेवू'पर्यंतच लिहिलं तरी दार उघडतं. पायथनच्या बीक्रिप्ट लायब्ररीच्या ५.० आवृत्तीत यापेक्षा लांब पासवर्डला एरर येते, त्याआधी तो गुपचूप कापला जायचा. आर्गॉन२ला ही अडचण नाही, अब्जावधी बाइटांपर्यंत चालतं. उलट आपणच वर हजारेक अक्षरांची मर्यादा घालावी.

मराठीची दुसरी गाठ मात्र ही लायब्ररी सोडवत नाही, आणि तिनं सोडवावी असंही नाही. ती मजकुराचे यूटीएफ-८ बाइट करते आणि तसेच पुढे देते. आता 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. एका कीबोर्डवरून 'ऱ' हे सबंध अक्षर येतं, तेव्हा शब्दाचे २१ बाइट. दुसऱ्यावरून 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक असं येतं, तेव्हा २४. तिसऱ्यावरून 'र'खाली नुक्ता, म्हणजे टिंब. डोळ्यांना तिन्ही सारखे, हॅश तीन. घरच्या फोनवर ठेवलेला पासवर्ड कचेरीतल्या मशीनवर चालत नाही म्हणून एक बाई वैतागल्या होत्या. त्यांनी सांगितलं तेव्हा आधी मलाही वाटलं, टाइप करताना चुकत असतील. त्यांचं बरोबर होतं. युनिकोडचं एनएफसी, म्हणजे एकच ठरलेलं, रूप करून घेतलं की नुक्त्याचा प्रकार 'ऱ'मध्ये मिसळतो, जोडकाचा मिसळत नाही. तो मी स्वतः बदलून घेते. हे 'हॅश' आणि 'व्हेरिफाय' दोन्हींच्या आधी, एकाच फंक्शनमधून. मराठी पासवर्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येकानं हे करावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या भाषेत पासवर्ड ठेवणाऱ्याला 'तुमचंच चुकतंय' असं ऐकवणं बरं नव्हे.

उणिवा थोड्याच. आर्गॉन२च्या मूळ रचनेत सर्व्हरकडे ठेवायच्या गुप्त किल्लीची सोय आहे, पण 'पासवर्डहॅशर'मध्ये ती देता येत नाही. खालच्या पातळीवर उतरावं लागतं. आणि खातंच नसेल तर काय करायचं, हे ती सांगू शकत नाही. नुसतं 'नाही' म्हटलं तर उत्तर लवकर जातं आणि कोणते ईमेल नोंदलेले आहेत ते वेळेवरून ओळखता येतं. त्यासाठी मी सुरुवातीलाच एक नकली हॅश त्याच आकड्यांनी काढून ठेवते आणि खातं नसलं की त्याच्याशी पडताळणी करते. आकडे बदलले की तोही नव्यानं काढायचा.

पुढच्या महिन्यात आम्हाला दोन गिबीबाइटचा कंटेनर मिळतोय. मेमरीचा आकडा ६५५३६वरून १३१०७२ करणार आहे. सेमाफोर तीनचाच राहील, म्हणजे ३८४ मेबीबाइट. या वेळी गुणाकार आधी केला आहे. सोमवारी सकाळी पहिले लॉगिन होतील तशा टेबलमधल्या ओळी एकेक करून बदलायला लागतील.